शुक्रवारी उभी केलेली गाडी सोमवारी सेल्फ का घेत नाही?

किल्ली फिरवली की नुसतं 'टक-टक-टक'. सोसायटीतले चार जण धक्का मारायला येतात आणि सल्ला एकच देतात: "बॅटरी गेली, नवी टाका." हे ऐकून मी वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या. जुन्या दोन्हींत काही बिघाड नव्हता.

आधी एक युक्ती कायमची विसरा. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं. गाडी चालू राहिली तर डायनॅमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) ठीक, बंद पडली तर गेला. आजच्या गाडीत असं केलं की व्होल्टेज क्षणभर उसळतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. कोणी पाना घेऊन पुढे आलाच तर सरळ हात धरा.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, क्लॅम्प आवळा. मग कामाला लागा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२च्या खाली जवळजवळ रिकामी. नुकत्याच फिरवून आणलेल्या गाडीत हा आकडा फसवा, वाढीव येतो. बॅटरीवरचा हिरवा डोळाही सहापैकी एकाच सेलचं सांगतो, त्यावर जाऊ नका. बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हा मीटर बघा. ९.६च्या खाली कोसळला तर बॅटरी बहुतेक म्हातारी झाली. विदर्भाच्या उन्हात आतल्या प्लेटा लवकर गंजतात, पाणी उडतं. ते कळतं मात्र डिसेंबरच्या सकाळी, इंजिन जड झालं की.

इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावा. बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५च्या वर गेला तर डायनॅमोचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी करतात, म्हणून एकदाच १२.९ दिसलं म्हणून डायनॅमो उतरवू नका.

माझ्या गाडीत हे सगळं ठीक होतं. चालू गाडीवर १४.१. तरी शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी गार. म्हणजे बंद गाडीत करंट कुठेतरी गळत होता, आणि ही गळती शोधताना मी एक अख्खा रविवार वाया घालवला.

निगेटिव्ह वायर काढली, ती आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये १० अँपिअरवर लावलेला मीटर जोडला. आकडा आला २ अँपिअर! मी घाबरून एकेक फ्यूज उपटत सुटलो. खरं तर गाडी अजून जागी होती. बंद केल्यावर आतले कंट्रोलर झोपायला दहा मिनिटं ते पाऊण तास घेतात, आणि फ्यूज बॉक्ससाठी दार उघडलं की पुन्हा उठून बसतात. दिवसभर मी त्यांनाच उठवत होतो.

म्हणून दार आधीच उघडं ठेवा आणि त्याचं लॅच पेचकसाने दाबून 'बंद' करा. बोनेटला स्विच असेल तर त्याचंही तेच. रिमोट किल्ली घरात ठेवून या. मीटर जोडून झाला की चहा प्या, खरंच पाऊण तास काही करू नका. आणि मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तिथेच उडतो.

२० ते ५० मिलिअँपिअर चालतात. घड्याळ, अलार्म यांना तेवढं लागतं. माझ्याकडे ४०० होते. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ साठ तास धरले तर २४ अँपिअर-तास गेले, आणि बॅटरी ३५ची! फ्यूज उपटू नका. मीटर मिलिव्होल्टवर घेऊन फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना प्रोब लावा. शून्य म्हणजे त्यातून करंट जात नाही. आकडा दिसला तर ती लाइन पकडा. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम, डिकीतला दिवा हे नेहमीचे संशयित.

माझ्या एकाही फ्यूजवर तेवढा करंट सापडला नाही. इथे बहुतेक जण हात टेकतात, मीही टेकले होते. डायनॅमोची जाड वायर माझ्या गाडीत त्या फ्यूजांमधून जातच नाही. बॅटरीची निगेटिव्ह सोडवून ती जाड वायर काढली, टोकाला टेप गुंडाळली, मीटर परत जोडून पाऊण तास थांबलो. २२ मिलिअँपिअर! डायनॅमोतला एक डायोड, ज्याने करंट एकाच दिशेने जाऊ द्यायचा, तो उलटा करंट सोडत होता, म्हणजे चार्जिंग करणाराच रात्री बॅटरी पीत होता.

चालू इंजिनवर बॅटरीला एसी व्होल्ट मोजले की याचा वास आधीच लागतो; अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर संशय घ्या. रस्त्यावरचा स्वस्त मीटर मात्र इथे २८-३० असलं काहीतरी दाखवतो. बॅटरीचा स्वतःचा डीसी व्होल्टेज अडवायची सोय त्यात नसते. तो आकडा सोडून द्या.

डायनॅमो दुकानात दिलात की कारागीर आधी चालू गाडीवर १४ दाखवून "एकदम ओके" म्हणेल. ऐकू नका. डायोड प्लेट उघडून तपासायला सांगा, आणि काम झाल्यावर घरी येऊन गळती पुन्हा मोजा.