एथिक्सचा पहिला निबंध लिहिताय? मग या चुका टाळा

अप्लाइड एथिक्सचा (प्रत्यक्ष आयुष्यातल्या प्रश्नांना लावलेल्या नीतिशास्त्राचा) पहिलाच कोर्स घेतलेल्या मुलांचे निबंध मी बरीच वर्षं तपासतेय. इच्छामरण, गर्भपात, प्राण्यांवरचे प्रयोग, दूरच्या गरिबांना मदत, आता एआय. विषय बदलतात पण चुका त्याच त्या, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतेय. ज्यांना उद्या सबमिट करायचंय आणि आज रात्री सुरुवात करायचीय त्यांनी निदान पहिल्या दोन चुका तरी नीट वाचा, सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

"शेवटी हे ज्याचं त्याचं मत आहे"

ही ओळ दिसली की माझं डोकं फिरतं. चार पानं दोन्ही बाजू मांडायच्या, आणि शेवटच्या परिच्छेदात हात झटकून मोकळं व्हायचं. लिहिणाऱ्याला वाटतं यात समजूतदारपणा दिसतो, पण मला दिसतं की निर्णय घ्यायची वेळ आली तिथेच निबंध सोडून दिलाय.

लोकांची मतं वेगवेगळी असतात, ठीक आहे, ते कोणीच नाकारत नाही. पण त्यावरून कोणाचंच मत चूक नसतं असं कसं निघतं? पृथ्वीच्या वयाबद्दलही माणसांचे जबरदस्त मतभेद होते, म्हणून पृथ्वीला वयच नाही असं कोणी म्हणत नाही. आणि वर "दुसऱ्यांच्या संस्कृतीला नावं ठेवू नयेत" असं लिहिलं की तुम्ही स्वतःच एक नियम जगातल्या सगळ्यांना लावून मोकळे झालात, मग सगळं सापेक्ष आहे हे कुठे राहिलं?

एका बॅचला मी टस्कगीचं प्रकरण चर्चेला दिलं होतं. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेने अलाबामात 1932 पासून 1972 पर्यंत सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालवला. त्यातल्या 399 जणांना आजार होता, त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, "रक्त खराब आहे" एवढंच सांगितलं, आणि 1940च्या दशकाच्या शेवटी पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाला तरी ते त्यांना मिळू दिलं नाही. तर वर्गातला एक चांगला हुशार मुलगा पूर्ण तास एकच मुद्दा लावून धरून बसला, की त्या काळच्या लोकांना ते योग्य वाटत होतं, आजच्या नजरेने आपण कोण बोलणार. अर्धा वर्ग मान डोलावतोय. मी विचारलं, त्या काळचे लोक म्हणजे कोण? ते 399 जण त्याच काळातले होते ना, त्यांना विचारलं होतं का कोणी? तरी तो हटेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "योग्य वाटत होतं तर आजाराचं नाव लपवलं कशाला?" त्या एका प्रश्नाने चर्चा पुढे सरकली.

पण खरी गंमत तिथे नाहीये. त्या मुलाने निबंधात तरीही शेवटी तीच ओळ लिहिली. मी मार्क न देता वही परत केली आणि सांगितलं, ही ओळ काढ आणि तिच्या जागी "माझ्या मते हे चूक आहे किंवा नाही, कारण" असं लिहून पुढचं वाक्य पूर्ण कर. बराच कुरकुरला. पण मग त्याने जे लिहिलं ते त्या बॅचमधलं सगळ्यात चांगलं होतं. त्याचं म्हणणं, इथे मूळ अन्याय फसवणुकीचा आहे, म्हणजे पेनिसिलिनचा शोध लागलाच नसता आणि कोणाचाही जीव वाचण्यासारखा नसता तरी हा अभ्यास चूकच ठरला असता. हे पटो न पटो, याच्याशी वाद घालता येतो. "ज्याचं त्याचं मत" याच्याशी काय वाद घालणार?

माझी सवय सांगते. कोऱ्या पानावर सगळ्यात आधी ते "कारण" वालं वाक्य लिहायचं, प्रस्तावना नंतर. ते वाक्य पूर्ण होत नसेल तर अजून वाचायचंय, लिहायला बसायची घाई करू नका.

थॉट एक्सपेरिमेंटशीच भांडत बसणं

थॉट एक्सपेरिमेंट म्हणजे नैतिक प्रश्न तपासायला मुद्दाम रचलेली काल्पनिक परिस्थिती. तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्व्हिस थॉमसनने 1971 साली गर्भपातावर लिहिताना अशीच एक कल्पना मांडली. तुम्ही सकाळी उठता तर तुमच्या शरीराला एक बेशुद्ध, प्रसिद्ध व्हायोलिनवादक जोडलेला आहे. त्याच्या किडन्या निकामी झाल्यात, त्याला फक्त तुमचंच रक्त चालतं, म्हणून त्याच्या चाहत्यांनी तुम्हाला पळवून आणलंय. नऊ महिने असेच पडून राहिलात तर तो वाचेल, नळ्या काढल्या तर मरेल.

हे सांगितलं की हात वर यायला लागतात. त्याला डायलिसिसवर का ठेवत नाही? हॉस्पिटलने पोलिसांना का कळवलं नाही? रक्तगट जुळणारा दुसरा कोणीच नाही हे शक्य आहे का? एकदा तर मेडिकलला जायच्या तयारीत असलेल्या एका मुलीने किडनी फेल्युअरवर इतकं सविस्तर सांगितलं की तास संपला, माहिती सगळी बरोबर होती आणि प्रश्नाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. प्रश्न एवढाच आहे की त्या माणसाला जगण्याचा पूर्ण हक्क आहे असं मान्य केलं, तरी त्या हक्कात तुमचं शरीर वापरायचा हक्क येतो का? थॉमसन वादापुरतं गर्भाला जगण्याचा हक्क आहे असं धरूनच चालते आणि मग दाखवते की तेवढ्याने गर्भपात चूक ठरत नाही. कल्पनेतली परिस्थिती मुद्दाम अशी आखलीय की बाकीच्या पळवाटा बंद व्हाव्यात. डायलिसिस आणलं की तुम्ही पळवाट उघडलीत आणि उत्तर द्यायचं टाळलंत.

याचा अर्थ कल्पनेवर आक्षेपच घ्यायचा नाही असं अजिबात नाही. "इथे पळवून आणलंय, म्हणजे हे जास्तीत जास्त बलात्कारातून राहिलेल्या गर्भाला लागू पडेल" हा आक्षेप एकदम रास्त आहे, कारण तो नैतिकदृष्ट्या महत्त्वाच्या फरकावर बोट ठेवतो (थॉमसनला तो माहीत होता, म्हणून त्याच लेखात तिने पुढे वेगळी उदाहरणं घेतलीत, तिथपर्यंत वाचायचे कष्ट मात्र फार कमी जण घेतात). फरक ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. कथेतली एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि आपलं उत्तर बदलतं का बघायचं. नऊ महिन्यांऐवजी एक तास केला तर? तुम्ही स्वतः आधी होकार दिला असता तर? व्हायोलिनवादकाऐवजी तुमचा सख्खा भाऊ असता तर? जिथे उत्तर हललं तिथे तुमचा मुद्दा आहे, त्यावर लिहा. डायलिसिसने उत्तर हलत नाही, प्रश्नच गायब होतो.

जाता जाता, ट्रॉली प्रॉब्लेमवर (ट्राम पाच जणांवर जाणार आहे, ती दुसऱ्या रुळावर वळवली तर तिथला एकच मरेल, तर वळवायची का?) लिहिणार असाल तर मूळ लेख उघडून बघा. तत्त्वज्ञ फिलिपा फूटच्या 1967च्या लेखात निर्णय ट्राम चालवणाऱ्याला घ्यायचा असतो. बाजूला उभा राहून खटका ओढणारा माणूस आणि पुलावरून ढकलायचा जाडा माणूस, हे दोघं थॉमसनने नंतर आणले. फरक मोठा आहे, कारण चालक काहीही केलं तरी कोणाला तरी मारणारच आहे, बाजूच्या माणसाला मात्र काहीच न करता उभं राहता येतं. व्हिडिओ बघून लिहिलेल्या निबंधात हे तिघं हमखास एकाच नावावर खपवलेले असतात.

सगळ्या थिअऱ्यांची हजेरी

"कांट म्हणेल नाही, बेंथम म्हणेल हो, अॅरिस्टॉटल म्हणेल सद्गुण बघा." कांट कर्तव्य बघतो, बेंथम परिणामांतलं सुखदुःख, अॅरिस्टॉटल माणसाचं चारित्र्य, आणि निबंधात तीन परिच्छेद, तीन नावं, तुमचा विचार शून्य. त्यापेक्षा एकच थिअरी घ्या आणि ती जिथे अडते तिथपर्यंत न्या. आणि कृपा करून उपयुक्ततावाद (ज्यातून सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त सुख निघतं ते योग्य, ही बेंथमची थिअरी) म्हणजे बहुमत असं लिहू नका. हजार लोकांची किरकोळ सोय आणि दहा लोकांच्या भयंकर यातना तराजूत टाकल्या तर दहांचं पारडं जड होऊ शकतं, तिथे डोकी मोजत नाहीत, सुखदुःख मोजतात.

दावा नेमका किती मोठा आहे ते न बघणं

तत्त्वज्ञ जेम्स रेचल्सचा इच्छामरणावरचा 1975चा लेख घ्या. स्मिथ वारशाच्या लोभाने सहा वर्षांच्या चुलत भावाला आंघोळीच्या टबात बुडवून मारतो. जोन्स त्याच हेतूने जातो, पण मुलगा स्वतःच घसरून डोकं आपटून पाण्यात पडतो आणि जोन्स नुसता बघत उभा राहतो. जोन्स कमी दोषी आहे का? रेचल्सचा दावा एवढाच की मारणं आणि मरू देणं यातला निव्वळ फरक स्वतःहून नैतिक वजन धरत नाही. "म्हणून इच्छामरण सगळीकडे कायदेशीर करा" हे त्यातून आपोआप निघत नाही, मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्या तुम्हाला चढाव्या लागतील. दूरच्या गरिबांना मदत करण्यावर लिहिणारा तत्त्वज्ञ पीटर सिंगर, त्याचंही तेच. त्याच्या 1972च्या लेखात "वाईट घडणं टाळता येत असेल तर टाळायला हवं" या तत्त्वाची दोन रूपं आहेत, एक कडक (तितक्याच महत्त्वाचं काही गमवावं लागत नसेल तोवर टाळायचंच) आणि एक सौम्य (नैतिकदृष्ट्या महत्त्वाचं काहीच गमवावं लागत नसेल तर टाळायचं), मुलं कडक रूपावर तुटून पडतात आणि सौम्य रूपाबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

बाकीच्या, पटापट

कायद्यात बसतं म्हणून योग्य, हे लिहू नका, गुलामगिरी कायद्यात बसत होती. "नैसर्गिक आहे" म्हणून चांगलं ठरत नाही, रोगराईसुद्धा नैसर्गिकच असते. "आज हे चालू दिलं तर उद्या ते होईल" असं म्हणायचं असेल तर मधल्या पायऱ्या दाखवा, नुसती भीती घालून चालणार नाही. वाद माहितीचा आहे की मूल्यांचा हे आधी तपासा, प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दलची निम्मी भांडणं "त्या प्रयोगांचा उपयोग होतो का" यावर असतात आणि ते शोधून बघता येतं.

चॅटबॉटकडून निबंध लिहून घेणं तर सोडाच. तो दोन्ही बाजू गुळगुळीत मांडून देतो आणि शेवटी हळूच तुम्हाला "ज्याचं त्याचं मत" वर आणून सोडतो. निर्णय घ्यायचा सराव तुम्हाला हवाय, तो दुसऱ्याने करून तुम्हाला काय मिळणार?

आणि विरोधी बाजू. "काही लोक म्हणतील की" असं म्हणून एक दुबळं वाक्य टाकायचं आणि पुढच्याच ओळीत ते पाडायचं, हे मला अजिबात चालत नाही. मी विरोधी बाजूचं अर्धं पान आधी लिहायला लावते, स्वतःच्या बाजूचं नंतर. लिहून झालं की ते मत खरंच धरणाऱ्या एखाद्या मित्राला वाचायला द्या, तो "हो, मला हेच म्हणायचंय" म्हणाला तरच उत्तराकडे वळा. उत्तर सापडलं नाही तर तसं सरळ लिहा आणि आपला दावा आखडता घ्या, त्याचे मार्क मी कापत नाही.