खाडीत फ्लाय फिशिंगची फिल्म करायची तर आधी तिथी बघा

फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे गळाला नकली माशी लावून करायच्या मासेमारीच्या, फिल्म करायला कोकणात येणारी मुलं पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतात. पण इथे खरा पैसा जातो तो वाट बघण्यात. खाडीतला जिताडा मासा लागो न लागो, होडीचं भाडं दिवसाचं असतं आणि माणसांचं जेवणखाण, मुक्काम चालूच राहतो.

म्हणून आधी भरतीचा हिशेब शिका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीच्या आसपास कोवळ्या उन्हात खाडी भरलेली मिळते. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असल्याने ओढ कमी, गढूळपणाही कमी. अमावास्या-पौर्णिमेला मात्र पहाटे ओहोटी, चिखल उघडा आणि उधाण भर दुपारी. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. सोमवारी सकाळी अर्धा राहिलेला प्रसंग शनिवारी त्याच वेळी घेतलात तर कांदळवनाच्या मुळांवरचं पाणी वेगळंच दिसेल, शॉट जुळणार नाहीत. मग पंधरवडा थांबावं लागतं, आणि तो खर्च कुणी बजेटमध्ये धरलेला नसतो. तुम्ही धरा.

दुसरा मालक वारा. फ्लाय फिशिंगमधली माशी पिसं-दोऱ्याची, जवळजवळ वजन नसलेली. ती जाते जाड दोरीच्या वजनावर. दोरी मागे पूर्ण उलगडते, क्षणभर ताठ होते आणि मग पुढे सुटते. तो क्षण सेकंदाला 120 फ्रेमने घ्या, फिल्मचा जीव तिथे आहे. पण दुपारी खारा वारा सुटला की फेक कोलमडते, त्यामुळे महत्त्वाचं काम सकाळीच उरकायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने मला सगळ्यात भरवशाचे वाटतात.

सामानात पोलरायझर फिल्टरवर काटकसर नको. त्याच्याशिवाय पाण्यावरची चकाकी मासा दिसूच देत नाही. खाऱ्या हवेने खराब होणाऱ्या वस्तूंच्या दुरुस्तीला वेगळे पैसे ठेवा. ड्रोन 250 ग्रॅमपेक्षा जड असेल तर व्यावसायिक चित्रणाला प्रमाणपत्र असलेला पायलट लागतो, आणि बंदराजवळ उडवण्याआधी तिथला झोन, म्हणजे तिथे ड्रोनला परवानगी आहे का, हे तपासावंच.

तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, पूर्ण दिवसाचे पैसे आगाऊ द्या. तुमच्यासाठी तो त्या दिवसाची मासेमारी सोडतो, आणि मासा कुठे फिरतो हे त्यालाच माहीत असतं.

मासा सोडून देणार असाल तर आधी फोकस, एक्स्पोजर ठरवा. तोवर मासा पाण्यातच जाळीत राहू द्या. हात ओले करून उचला, दोन-तीन सेकंदांचा शॉट घ्या आणि लगेच सोडा. चांगला आला नाही तरी तोच मासा पुन्हा उचलायला लावू नका.