दल सरोवराला जायचंय? आधी गंगावेशीत सराव करा

काश्मीरची तिकिटं काढली की आमच्या ओळखीतली मंडळी नवा मोबाईल नाहीतर कॅमेरा घेऊन येतात आणि विचारतात, दल सरोवरातल्या होड्यांवरच्या भाजी बाजाराचे फोटो कसे काढायचे? मी सांगतो, आधी आठवडाभर कोल्हापूरच्या गंगावेशीत जा. कमी उजेड, हलणारी माणसं, गिऱ्हाइकांची घाई, सगळं तिथं आहे. आज नाही जमलं तर उद्या परत जाता येतं. श्रीनगरला ती सोय नाही.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि माणसं ते धारोष्ण दूध उभ्याउभ्याच, ओठाला फेस लावून पितात. पहिलं काम म्हणजे एक पेला दूध घ्या. पैसे द्या, दोन शब्द बोला. "मामा, फोटो काढू काय?" एवढं पुरतं. "काढा की, त्यात काय एवढं!" म्हणत मामा ताठ उभे राहतील, फेटा-टोपी सारखी करतील. तोही फोटो काढा आणि त्यांना दाखवा. खरं काम त्यानंतर सुरू होतं. गिऱ्हाईक आलं की मामा तुम्हाला विसरतात आणि पुन्हा म्हशीजवळ बसतात. तोवर तिथंच थांबायचं.

फ्लॅश मात्र बंद. म्हैस बुजली तर पान्हा चोरते, आणि मग त्या माणसाचा धंदा तुमच्या हौसेपायी बुडतो. शिवाय बुजलेल्या म्हशीची लाथ कॅमेऱ्याची किंमत बघत नाही.

आता तांत्रिक अडचण. म्हैस काळीभोर, दूध पांढरंशुभ्र. चौकटीत काळं जास्त दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि फेसाचा नुसता पांढरा ठिपका होतो. म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे उजेड निम्मा करा. मोबाईलवर फेसावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पेल्यात पडणाऱ्या धारेची रेघ हवी असेल तर शटर १/६० सेकंदाच्या आसपास, धार तुटक थेंबांत पकडायची तर १/५०० च्या पुढं. मला रेघ आवडते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १६०० ला नेला तरी बिघडत नाही. थोडी रवाळ दिसली म्हणून म्हशीचं काही अडत नाही.

हे जमलं की संध्याकाळी रंकाळा चौपाटी. सूर्य बुडाल्यावरची १५-२० मिनिटं सोडू नका. आभाळात निळाई असते आणि गाड्यांवरचे दिवे लागलेले असतात. काळोख पडला की आभाळ संपलं, उरतात फक्त बल्ब. भेळवाल्याकडं चमच्याची टकटक चालते तेव्हा नव्हे, चिरमुरे वर उडतात तेव्हा बटण दाबायचं. हात ठरलेल्या तालात चालतो, दोन-तीन भेळा होईपर्यंत नुसतं बघा. कणीसवालीकडं मी लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून कणसावर घासली जाते तो क्षण धरतो. मागं निखारे, पुढं बोटं. मावशी नको म्हणाल्या तर कणीस खायचं आणि पुढं जायचं. लांबून झूम करून चोरून काढू नये. एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० करून बघा, बहुतेक वेळा जातात.

चालत्या हातगाडीसाठी शटर १/१५ ते १/३० ठेवून गाडीबरोबर कमरेतून वळत राहायचं. गाडी स्पष्ट, मागचा रस्ता पुसट. महाद्वार रोडच्या गर्दीत हे करू नका, कुणीतरी मध्ये येतंच.

दल सरोवरावर फरक एवढाच की तुमच्या पायाखालची जमीनही हलते. म्हणून तिथं शटर १/५०० पेक्षा हळू ठेवू नका. शिकाऱ्यात, म्हणजे तिथल्या होडीत, उभं राहायचं नाही, खाली बसूनच काढा; होडीवालेही बसलेलेच असतात, नजर नजरेला भिडते. पट्टा गळ्यात. पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चकाकी कमी करणारी काच, लावू नका, पहाटेच्या उजेडात तो दीड-दोन स्टॉप खातो. बाजार उजाडताच भरतो आणि लवकर मोडतो. शिकारा आदल्या रात्रीच ठरवा, भाडंही तेव्हाच, आणि बाजारात थांबायचा वेळ त्यात धरून. नदरूच्या, म्हणजे कमळदेठांच्या, जुड्या एका होडीतून दुसरीत जातात, तिथं लक्ष ठेवा. हा घाऊक व्यवहार आहे, भाव चालू असताना तुमचा शिकारा मध्ये घुसवू नका. नावाड्याला कडेला थांबवायला सांगा.

फुलं, केशर, दागिने विकणारे मात्र स्वतःच होडी तुमच्या होडीला लावतात. त्यांचा फोटो काढलात तर काहीतरी घ्यावं लागतं, ही तिथली अपेक्षा. घ्यायचं नसेल तर कॅमेरा खालीच ठेवा. आणि घ्यायचं असेल तर आधी भाव करा, मग फोटो; उलटं केलंत की भाव वाढलाच.