शिक्षक आहात आणि शाळा व्यवस्थापन समितीवर जाताय? या चुका टाळा

शिक्षक माणूस शाळा व्यवस्थापन समितीवर आला की आता शाळेचं भलं होणार, असं गावाला वाटतं. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारी अधिकारी, म्हणून नोकरीची शेवटची वर्षं मी या समित्यांची इतिवृत्तं वाचण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर स्वतः एका जिल्हा परिषद शाळेच्या समितीवर आहे. तेव्हा स्पष्टच सांगते. गवंडी, दूधवाले, रोजंदारीवर जाणाऱ्या बाया समितीवर नेटकं काम करतात हे मी पाहिलंय, आणि डीएड, बीएड झालेली माणसं त्याच त्या चुका करतात हेही. शिकवता येतं म्हणून समितीही चालवता येईल, हा समज पहिल्या बैठकीला दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावा.

कोणत्या जागेवर बसायचंय तेच माहीत नसणं

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या महिला. महाराष्ट्रात सदस्य १२ ते १६. पालकांनंतर उरलेल्या थोड्या जागा स्थानिक लोकप्रतिनिधी, त्याच शाळेचे शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ यांच्यात वाटल्या जातात. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. म्हणजे निवृत्त गुरुजींना शिक्षणतज्ज्ञ म्हणून येता येईल, अध्यक्ष होता येणार नाही. नातू शाळेत आहे एवढ्यावर आजोबा पालक ठरत नाहीत. मुलाचा सांभाळ खरोखर त्यांच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. आणि तुम्ही दुसऱ्या शाळेत नोकरीला असाल, पण पालक म्हणून इथे उभे राहत असाल, तर आपल्या कार्यालयाला आधी लेखी विचारा. तोंडी ‘चालतंय हो’ हे निवडून आल्यावर चालत नाही.

पालकसभेत पॅनेल घेऊन उतरणं

ग्रामपंचायतीचे दोन गट शाळेच्या व्हरांड्यात आणले की पुढची दोन वर्षं कोरमसाठी विनवण्या करत फिरावं लागतं. पत्रकं छापू नका, सभेत भाषण ठोकू नका. मी सभेच्या आधी संध्याकाळी घरोघरी जाते आणि एवढंच विचारते, की पोराला शाळेत जायला काय अडतं. उत्तरं ऐकली की भाषण करायची हौस आपोआप फिटते. त्याच शाळेच्या मुलांचे खासगी क्लास घेत असाल तर उभेच राहू नका. नोकरीतल्या शिक्षकाला कायद्याच्या कलम २८ प्रमाणे खासगी शिकवणी घेताच येत नाही. निवृत्तांना ते कलम लागत नसेल, पण गावाला दिसायचं ते दिसतंच.

समितीवर येऊन पुन्हा तपासणी अधिकारी होणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि शिक्षकच ती करतात. गवंड्याच्या मनात असं कधी येत नाही.

आमच्या केंद्रातल्या एका शाळेत हायस्कूलचे निवृत्त गणित शिक्षक शिक्षणतज्ज्ञ म्हणून आले. माणूस तळमळीचा, मेहनती. पहिल्याच आठवड्यात ते थेट चौथीच्या वर्गात गेले, मुलांना उभं करून भागाकार घातले, पोरं अडखळली तशी मुलांसमोरच बाईंना म्हणाले, “वर्षभर काय केलंत?” पुढच्या बैठकीत अर्धा तास भागाकार कसा शिकवावा यावर प्रवचन झालं. मजुरी बुडवून आलेल्या दोन आया मधूनच उठून गेल्या. शिक्षक एक झाले, मुख्याध्यापकांनी बैठकांचा विषय काढायचं सोडलं. त्यानंतरच्या बैठका कागदावर झाल्या, सह्या घरोघर फिरून.

याच काळात खरं संकट पटावर, म्हणजे मुलांच्या नोंदलेल्या संख्येवर, होतं. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. शाळेचा पट त्या काठावरच होता. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं हे ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार जुळलेलीच मुलं मोजली जातात. ऊसतोडीला आलेल्या आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबांतल्या काही मुलांची आधारवरची नावं आणि शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमधली नावं जुळत नव्हती. कुणाची जन्मतारीख चुकलेली, कुणाचं आडनावच वेगळं. चार पालक सदस्यांनी त्या घरांत जाऊन, त्यांना तालुक्याच्या आधार केंद्रावर नेलं असतं तर काम झालं असतं. गुरुजींना हे कुणी सांगितलं नाही, कारण त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं. शाळेचं एक पद गेलं. ज्या बाईंच्या भागाकारावर प्रवचन झालं होतं त्यांच्याकडे मग दोन वर्ग आले. आता शिकवा भागाकार!

समितीचं काम कायद्यात लिहिलेलं आहे: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे गेलं ते पाहणं. लक्ष ठेवणं म्हणजे पाठ निरीक्षण नव्हे. मी वर्गात जातच नाही. जून ते सप्टेंबर दर बैठकीत एकच प्रश्न विचारते: “आज पट किती आणि आधार किती जुळले?” उत्तर आकड्यातच मागते. ‘होत आलंय मॅडम’ हे उत्तर मी घेत नाही. संचमान्यतेचे निकष शासन निर्णयांनी बदलत राहतात, म्हणून चालू निर्णयाची प्रत मुख्याध्यापकांकडून मागून घेऊन स्वतः वाचते. शिक्षकाबद्दल काही म्हणायचं असेल तर शाळा सुटल्यावर, एकट्याशी, आणि शक्यतो चहा घेताना.

छोट्या चुका, पण रोजच्या

व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंगठे आले म्हणजे ठराव झाला, असं समजणं. तो झालेला नसतो.

महिला सदस्याच्या खुर्चीवर तिचे ‘मिस्टर’ बसणं. मी बैठक थांबवते आणि ताई येईपर्यंत वाट पाहते. दोनदा थांबवली की तिसऱ्यांदा ताईच येतात.

पेरणीच्या दिवसांत सकाळी अकराची बैठक लावणं आणि मग पालकांना आस्था नाही म्हणून गळा काढणं. बैठक महिन्यातून एकदा तरी घ्यायचीच असते. ती संध्याकाळी घ्या.

पालकांपुढे ‘अध्ययन निष्पत्ती’ वगैरे बोलणं. पोराला वाचता येतं का, एवढंच विचारायचंय ना?

शेजारच्या शाळेचा विकास आराखडा आणून नाव बदलणं. एका आराखड्यात तिसऱ्या पानावर शेजारच्या गावाचं नाव तसंच राहिलं होतं, आणि खाली अकरा सह्या होत्या!

पोषण आहाराच्या खिचडीची चव फोटोपुरती घेणं. चव घ्या, पण तांदळाचा साठा नोंदवहीशी जुळतो का तेही बघा.

निवडून आल्या आल्या सीसीटीव्ही आणि स्मार्ट टीव्हीचा हट्ट धरणं. नवीन सदस्यांना उद्घाटनाची फार घाई असते. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नाही, टाकीत पाणी नाही, आणि हे टीव्हीच्या इंचांवर भांडतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं: ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. त्यातलेही किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. एवढ्या पैशात काय बसतं आणि काय नाही, याचा हिशेब शिक्षकाला तरी यायला हवा. शौचालय आणि पाण्याच्या मोठ्या कामांसाठी ग्रामपंचायतीकडे जा. पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के हिस्सा स्वच्छता आणि पाण्यासाठी बांधलेला होता, आणि कित्येक शाळांनी तो मागितलाही नाही. समितीचा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचायला लावा. सरपंचांना गाठून कानात सांगितलेलं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात येत नाही.

कोऱ्या पानावर सही

दुसरी मोठी चूक. ही घाईतून होते, आणि चांगुलपणातूनही.

एका शाळेत अध्यक्ष स्वतः दुसऱ्या तालुक्यात शिक्षक होते. रोजचा प्रवास, घरी यायला सात. मुख्याध्यापक म्हणायचे, “सर, सही तेवढी करून ठेवा, मी लिहितो.” एकमेकांवर विश्वास होता आणि मुख्याध्यापकही लबाड नव्हते. पण महिन्यांची पानं साचली की माणूस जुन्या बैठकीचा मजकूर उतरवतो. शाळेची कौलारू खोली वाकली होती, भिंतीला तडा गेला होता, बैठकीत त्यावर तावातावाने चर्चाही झाली. इतिवृत्तात मात्र ओळ आली: ‘शाळेची इमारत सुस्थितीत असल्याबाबत चर्चा झाली.’ मागच्या वर्षीचीच ओळ. खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती बाद ठरवून पाडण्याचा, प्रस्ताव वर गेला तेव्हा सोबत इतिवृत्ताची प्रत जोडलेली होती. प्रस्ताव परत आला. समितीच म्हणते इमारत सुस्थितीत, मग पाडायची कशाला? नवा ठराव, नवी पाहणी, पुन्हा सह्या. तो सगळा पावसाळा दुसरी-तिसरीची मुलं मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसली. भजनी मंडळाने गुरुवारची वेळ बदलली, हा त्यांचा मोठेपणा.

माझी पद्धत अशी. ठराव बैठकीतच लिहायचा, साध्या मराठीत: काय, कुठे, कोणी करायचं, कधीपर्यंत. सूचक आणि अनुमोदक यांची पूर्ण नावं. मग मोठ्याने वाचायचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच. शेवटच्या ओळीखाली उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारायची, सहीशेजारी तारीख घालायची आणि पानाचा फोटो काढायचा. मुख्याध्यापकांना राग येईल असं नवख्यांना वाटतं. चांगल्या मुख्याध्यापकाला उलट बरं वाटतं, कारण उद्या चौकशी लागली तर तोच एकटा अडकत नाही. “एवढं कशाला, घरचीच शाळा आहे,” असं म्हणणारा सदस्य प्रत्येक समितीत एक असतो. त्याला फोटो काढायच्या कामाला लावावं.

तक्रार थेट वर नेणं

नळ गळतोय, की निघाले गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि तिथून वार्ताहराकडे. आधी समितीचा ठराव, मग मुख्याध्यापकांमार्फत पत्र, मग केंद्रप्रमुख. ठरावाशिवाय गेलेल्या सदस्याला कार्यालयात खुर्ची मिळते, चहाही मिळतो, तक्रार नोंदवल्याचा आवक क्रमांक मिळत नाही. मुलांच्या हक्काची तक्रार असेल तर कलम ३२ आहे. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यायची, आणि त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पोच घेतली नसेल तर ते तीन महिने कधी सुरू झाले, हे कुणीच सांगू शकत नाही.

मुदत संपताना हात झटकणं

दोन वर्षांनी समिती नव्याने होते आणि अर्धवट राहिलेल्या कामांना कुणी वाली उरत नाही. मी शेवटच्या बैठकीत प्रलंबित ठरावांची यादी लिहून घेते: ठराव क्रमांक, शाळेतून गेलेल्या पत्राचा जावक क्रमांक, कोणत्या टेबलावर अडकलंय. एक प्रत शाळेच्या फाइलला, एक नव्या अध्यक्षांना, सही घेऊन. बहुतेक नवे अध्यक्ष ती आधी उघडत नाहीत. पण पहिलं पत्र परत आलं, की मला फोन येतो.