पॅरामेडिक व्हायचं की नर्स? निर्णय घेण्याआधी हे करून पाहा

आरोग्यसेवेत जायचं नक्की आहे, डॉक्टर व्हायचं नाही हेही ठरलंय, आणि आता पॅरामेडिक (ॲम्ब्युलन्समधून रुग्णापर्यंत जाऊन उपचार करणारा) की नर्स इथे घोडं अडलंय. अशा वेळी बहुतेक जण सांगतात, ‘धावपळ आवडत असेल तर पॅरामेडिक, सेवाभाव असेल तर नर्स.’ या सल्ल्यावर जाऊ नका. ॲम्ब्युलन्समध्ये सेवाभावाची कसोटी रोज लागते आणि आयसीयूतल्या नर्सला पाणी प्यायला फुरसत मिळत नाही. खरा फरक वेगळाच आहे: रुग्ण तुमच्या हाती किती वेळ असतो, आणि त्या वेळात निर्णय कोण घेतं. हे समजून घेतलं की बाकीचं ठरवणं बरंच सोपं जातं.

१. दोन्ही कामं जवळून बघा

पन्नाशीचे एक गृहस्थ घरात अचानक कोसळलेत. तिसरा मजला, अरुंद जिना. पॅरामेडिक आत शिरतो तेव्हा त्याच्या हाती ना जुने रिपोर्ट असतात, ना गोळ्यांची यादी. नाडी लागत नाही, श्वास नाही. टेबल बाजूला सारून तो गुडघ्यांवर बसतो आणि छाती दाबायला लागतो: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. जोडीदार डिफिब्रिलेटरचे, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राचे, पॅड चिकटवतो. पडद्यावर दिसणारी हृदयाची लय शॉक देण्याजोगी असेल तर शॉक, आणि लगेच पुन्हा छातीवर दाब. शीर सापडत नसेल तर हाडात सुई घालून औषध. ॲड्रिनॅलिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. शॉकची गरज असलेल्या रुग्णाची छाती कोणीच दाबत नसेल, तर शॉकला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, म्हणून हे सगळं तिथेच, जमिनीवर करायचं असतं. हृदय सुरू झालं तर स्ट्रेचर, जिना, रुग्णालय, डॉक्टरांना तोंडी माहिती, आणि पुढचा कॉल. त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, हे बरेचदा कळतही नाही.

असे कॉल मात्र रोज येत नाहीत. पडलेले वृद्ध, दम लागलेले रुग्ण, साखर उतरल्याने बडबडणारा माणूस, दारूच्या नशेत अंगावर येणारा तरुण, आणि एकटेपणाला घाबरून फोन केलेलं कोणीतरी, यातच ड्यूटीचा मोठा भाग जातो. शिवाय ऑक्सिजनचे सिलिंडर तपासणं, गाडी धुणं आणि प्रत्येक रुग्णाची लेखी नोंद.

आता वॉर्ड. पोटाच्या ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. रुग्ण म्हणतो, ‘बरं वाटतंय.’ बीपी ठीक, ताप नाही. पण संध्याकाळी मिनिटाला १६ असलेले श्वास आता २६ झालेत. नर्स पूर्ण एक मिनिट मोजून पुन्हा खात्री करते. श्वासाची गती वाढणं ही प्रकृती ढासळण्याची अनेकदा पहिली खूण असते. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रकृती ढासळण्याची पूर्वसूचना देणारी गुणपद्धत आली, त्यात गुण जितके जास्त तितका धोका जास्त; तिथे मिनिटाला २५ किंवा जास्त श्वासांना एका नोंदीचे कमाल, म्हणजे ३ गुण मिळतात. रात्रपाळीच्या डॉक्टरांना फोन करताना ती चार गोष्टी क्रमाने सांगते: आत्ता काय झालंय, आधीचं काय होतं, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. इथे ना सायरन आहे ना धावाधाव. पण हा आकडा तिच्या नजरेतून सुटला असता, तर सकाळपर्यंत रुग्ण आयसीयूत गेला असता.

त्याच पाळीत तिला इतर रुग्णांची औषधंही द्यायची असतात आणि प्रत्येक वेळी पडताळायचं असतं: रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, देण्याचा मार्ग तोच, वेळ तीच. पडून पडून अंगाला जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करून माप लिहायचं, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलायचं.

२. स्वतःला दोन अवघड प्रश्न विचारा

पहिला: गोष्टीचा शेवट न कळता तुम्ही शांत झोपू शकाल का? पॅरामेडिकला हे जमावंच लागतं. ज्यांना प्रत्येक रुग्णाचं पुढचं जाणून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना हे काम आतून पोखरतं.

दुसरा: बरा न होणारा रुग्ण रोज बघू शकाल का? नर्सला तोच चेहरा आठवडेच्या आठवडे दिसतो. त्याच्या मुलीचं नाव माहीत होतं, त्याला कुठल्या कुशीवर झोप लागते तेही कळतं, आणि एक दिवस तो खाट रिकामी करून जातो. कधी घरी, कधी नाही. ज्यांना नाती जोडण्यातच समाधान मिळतं, त्यांचं यात मन रमतं.

उत्तर घाईने देऊ नका. माझ्या मते पगार आणि अभ्यासक्रमापेक्षाही या दोन प्रश्नांना जास्त वजन द्यायला हवं, कारण नोकरी सोडण्याची कारणं पुढे इथूनच निघतात.

३. निर्णयाचं ओझं कुणावर, ते तपासा

पॅरामेडिक बहुतेक वेळा एका जोडीदाराबरोबर असतो. कुठल्या स्थितीत काय करायचं याचे लेखी नियम असतात, गरज पडली तर फोनवर डॉक्टरही असतात. पण समोर जे दिसतंय ते कुठल्या नियमात बसतं, हे ठरवायला तिथे दुसरं कोणी नसतं. मोठ्या अपघातात तर कुणाला आधी उचलायचं हे रंगांच्या पट्ट्या लावून ठरवावं लागतं: लाल सगळ्यात आधी, मग पिवळा, मग हिरवा, आणि काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. काळी पट्टी लावून पुढे जाणं सगळ्यांना झेपत नाही.

अधिकार देशागणिक बदलतात. फ्रान्समध्ये गंभीर कॉलवर डॉक्टर स्वतः गाडीतून जातात, त्यामुळे तिथे ॲम्ब्युलन्सवरच्या इतरांचे अधिकार कमी. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पॅरामेडिक स्वतः बरेच उपचार करतो. तुम्हाला जिथे नोकरी करायची आहे, तिथले नियम आधी वाचा.

नर्स मोठ्या चमूत असते, हाकेच्या अंतरावर कोणीतरी असतं. पण ‘डॉक्टर सांगतात, नर्स करते’ ही समजूत काढून टाका. लिहिलेली मात्रा चुकीची वाटली तर थांबून विचारणं हे तिचं कर्तव्यच आहे, आणि वरिष्ठाला ‘हे मी देणार नाही’ असं सांगायला धैर्य लागतं.

४. शरीर आणि झोप

पाठ दोघांचीही दुखते, रात्रपाळी दोघांनाही चुकत नाही. पॅरामेडिकला जिन्यावरून, पावसात, उलटलेल्या गाडीतून माणूस उचलावा लागतो; अनेक ठिकाणी शारीरिक चाचणी आणि वाहन परवानाही लागतो. पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांशी आधीच बोला.

५. पुढची वाट किती रुंद आहे ते बघा

इथे नर्सिंगचं पारडं जड आहे, हे स्पष्ट सांगतो. जगात जवळपास ३ कोटी नर्स काम करतात. ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, नवजात बालकं, मानसिक आरोग्य, शाळा, सार्वजनिक आरोग्य, अध्यापन, संशोधन: एकाच पदवीवर कामाचं स्वरूप अनेकदा बदलता येतं. १९६५ साली लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज काही देशांत अशा नर्स स्वतः रुग्ण तपासून औषधं लिहून देतात.

पॅरामेडिकचा पेशा त्यामानाने तरुण आहे. १९६६ मध्ये बेलफास्टला हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांनी डिफिब्रिलेटर गाडीत चढवून रुग्णाच्या दारात नेला. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस ही ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी रस्त्यावरच्या उपचारांचा नवा पायंडा पाडला. आज हेलिकॉप्टर सेवा, नियंत्रण कक्ष, आपत्ती व्यवस्थापन, प्रशिक्षण असे मार्ग आहेत, आणि ब्रिटनमध्ये २०१८ पासून जादा शिक्षण घेतलेले पॅरामेडिक औषधंही लिहून देऊ शकतात. तरीही जागा कमी आणि पायऱ्या मोजक्या. मात्र ‘वाव जास्त’ एवढ्यावर नर्सिंग घेऊ नका. ज्याला वॉर्डात कोंडल्यासारखं वाटतं, त्याला त्या रुंद वाटेचा काही उपयोग नाही.

६. अभ्यासक्रमाची कागदपत्रं हातात घेऊन वाचा

नर्सिंगला साधारण ३ ते ४ वर्षं लागतात. पॅरामेडिकच्या बाबतीत फार तफावत आहे: कुठे वर्ष-दीड वर्षाचं प्रशिक्षण, कुठे पूर्ण पदवी. काही महिन्यांचा ॲम्ब्युलन्स सहायकाचा कोर्स पॅरामेडिक म्हणून विकला जात असेल तर सावध व्हा. प्रवेशाआधी लेखी विचारा: शेवटी कुठली नोंदणी मिळते? प्रत्यक्ष गाडीवर किंवा वॉर्डात किती तास मिळतात? परदेशात हे प्रमाणपत्र चालतं का? उत्तर टाळलं गेलं तर पुढचं कॉलेज बघा.

७. एकदा चाखून बघा

प्रथमोपचार आणि सीपीआरचा (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबण्याचा) वर्ग करा. रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काही आठवडे जा. जिथे परवानगी आहे तिथे ॲम्ब्युलन्सबरोबर एक पाळी काढा. पहिल्यांदा रक्त बघून भोवळ आली म्हणून खचू नका, ते सवयीने जातं. लक्ष द्या ते चिडलेल्या नातेवाइकापुढे, उलटीच्या वासात आणि पहाटे चारला तुमचा आवाज कसा निघतो याकडे.

दहाएक वर्षं काम केलेल्यांशी बोला. ‘काम कसं आहे?’ असं विचारू नका, त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं. विचारा, ‘गेल्या महिन्यातला सगळ्यात कंटाळवाणा दिवस कसा गेला?’ आणि ‘तुमच्याबरोबरचे जे सोडून गेले, ते का गेले?’

८. तरीही ठरत नसेल तर

या दोन पेशांमध्ये भिंत नाही. स्वीडनमध्ये २००५ पासून ॲम्ब्युलन्सवर नोंदणीकृत नर्स असावी लागते, आणि नेदरलँड्समध्ये तर ॲम्ब्युलन्सवरचे मुख्य उपचार बहुतेक वेळा खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स करतात. काही देशांत पॅरामेडिकला आधीचं शिक्षण धरून नर्सिंगला जाता येतं. तेव्हा मन दोन्हीकडे ओढ घेत असेल, तर तुमच्या भागात या बाजूकडून त्या बाजूला जाण्याची सोय कुठल्या दिशेने आहे ते शोधा, दोन्हीकडे अर्ज भरा, आणि ज्या दारातून दुसरीकडे जाता येतं त्या दाराने आधी आत शिरा.