डीएनएवरून प्रथिन काढताना या चुका टाळा

बारावी किंवा नीटच्या पेपरात डीएनएचा क्रम देऊन प्रथिन विचारलं की उत्तर बहुधा एकाच कारणाने चुकतं: धाग्याची टोकं लिहिलेली नसतात. आधी ५′ आणि ३′ लिहा, मगच पुढचं.

खरंखुरं जनुक घेऊ. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची सुरुवात कोडिंग धाग्यावर अशी आहे:

५′ एटीजी-जीटीजी-सीएटी-सीटीजी-एसीटी-सीसीटी-जीएजी ३′

याचा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठीची जनुकाची आरएनए प्रत) काढायला जोड्या (एसमोर टी किंवा यू, जीसमोर सी) लावायच्याच नसतात, कारण कोडिंग धाग्याचा क्रम एमआरएनएसारखाच असतो. टीच्या जागी यू लिहा, झालं. तीन अक्षरांच्या प्रत्येक कोडॉनला एक, अशी अमिनो आम्लं येतात मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल. जोड्या लावायच्या त्या साचा धागा (कोडिंग धाग्यासमोरचा, ज्यावरून एमआरएनए बनतो तो) दिलेला असेल तेव्हा.

आणि खरी मेख तिथेच असते. साचा धागा ५′ कडून लिहून दिला तर तो असा दिसतो:

५′ सीटीसी-एजीजी-एजीटी-सीएजी-एटीजी-सीएसी-सीएटी ३′

मधला एटीजी दिसला की हात तिथूनच वाचायला सुरुवात करतो. पण तो हिस्टिडिनच्या कोडॉनसमोरचा भाग आहे, प्रारंभाशी त्याचा काही संबंध नाही. आरएनए बनवणारं विकर, आरएनए पॉलिमरेझ, साचा ३′ कडून ५′ कडे वाचतं, म्हणून उजव्या टोकापासून डावीकडे या: सीएटी उलटा वाचला की टीएसी, त्याच्यासमोर एयूजी. अमिनो आम्ल आणणाऱ्या टीआरएनएच्या अँटिकोडॉनचंही (कोडॉनसमोर बसणारी त्याची तीन अक्षरं) हेच. एयूजीसमोर ३′ यूएसी ५′ बसतो. ५′ कडून लिहायचा तर सीएयू.

सिकलसेलच्या प्रश्नात वेगळीच चूक होते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या या आजारात जीएजीचा जीटीजी होतो आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. पुस्तकात ‘सहावं स्थान’ असतं. एटीजीपासून मोजलं तर सहावा कोडॉन सीसीटी, आणि विद्यार्थी बिचारा प्रोलिन बदलून मोकळा होतो. पहिलं मेथिओनिन पेशी नंतर काढून टाकते. सहावं स्थान ते काढल्यावरचं. एमआरएनएवर तो सातवा कोडॉन.

मोजणीतही हीच गफलत. या जनुकाचा प्रारंभ कोडॉनपासून समाप्ती कोडॉनपर्यंतचा, इंट्रॉन (एमआरएनएतून कापून टाकले जाणारे तुकडे) वगळलेला भाग ४४४ न्यूक्लिओटाइडचा. ४४४ भागिले ३ म्हणजे १४८ कोडॉन. समाप्ती कोडॉनला अमिनो आम्ल नाही, उरले १४७. मेथिओनिन गेलं की तयार साखळीत १४६. यूएए, यूएजी, यूजीए या समाप्ती कोडॉनांसाठी टीआरएनए शोधत बसू नका, तिथे मुक्तता घटक येऊन साखळी सोडवतो.

दहावीपासून चालत आलेला एक घोळ म्हणजे भाषांतरण आणि स्थानांतरण यांची अदलाबदल: भाषांतरण म्हणजे कोडॉननुसार अमिनो आम्लं आणण्याचं काम, तर स्थानांतरण म्हणजे रायबोझोमचं एकेक कोडॉन पुढे सरकणं.

डीएनएच्या प्रतिकृतीच्या आकृतीत गुण जातात ते बाणांमुळे. दोन्ही नवे धागे ५′ कडून ३′ कडेच वाढतात. तुकड्यातुकड्याने बनणाऱ्या धाग्याचा बाण ३′ कडून ५′ कडे काढू नका, त्याचे तुकडे फाट्यापासून (जिथे जुने धागे वेगळे होतात) दूर वाढतात. जिवाणूत हे तुकडे साधारण १००० ते २००० न्यूक्लिओटाइडचे, आपल्या पेशीत १०० ते २०० चे. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र आरएनए प्रायमर (सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) दाखवा, कारण डीएनए पॉलिमरेझला कोऱ्या जागेवरून सुरुवात करता येत नाही. आरएनए पॉलिमरेझला ती येते, त्यामुळे प्रतिलेखनाच्या (डीएनएवरून आरएनए बनण्याच्या) आकृतीत प्रायमर काढला की तो गुण गेलाच.