जुन्या परीकथेला नुसता रिचार्ज मारू नका

पहिल्यांदा सिंड्रेला नव्यानं लिहिली तेव्हा मी तिला मोबाईल दिला, राजवाड्याच्या जागी मॉल घातला आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या रविवारच्या वाचनगटात मोठ्या हौसेनं वाचून दाखवली. नववीतली एक मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "काकू, गोष्ट जुनीच आहे की. नुसता रिचार्ज मारलाय."

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहायचं तर हा शेरा कधी ना कधी मिळतोच. तो निदान दुसऱ्यांदा मिळू नये म्हणून जुनी परीकथा मी आता अशी नव्यानं लिहिते.

१. आधी मूळ गोष्ट वाचा

आपल्या डोक्यात असते ती बहुतेक सिनेमातली. ग्रिम बंधूंच्या स्नो व्हाइटमध्ये राजपुत्राच्या चुंबनानं कुणी जागं होत नाही. काचेची पेटी वाहणाऱ्या नोकरांना ठेच लागते, धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. सावत्र आईचा जळफळाट सुरू होतो तेव्हा ती मुलगी सात वर्षांची आहे! १६९७ मध्ये शार्ल पेरोनं छापलेल्या लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथंच संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिममध्ये येतो.

हे वाचलं की भीड चेपते. ग्रिमनी स्वतःच आपल्या गोष्टी आवृत्तीगणिक बदलल्या. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलला रानात सोडा म्हणणारी त्यांची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्त्यांत ती सावत्र झाली. त्यांना चालतं तर आपल्यालाही चालेल.

२. गोष्ट कुठल्या खिळ्यावर टांगली आहे ते शोधा

प्रत्येक गोष्ट एका खिळ्यावर लटकते. परी, राजा, जादू सगळं काढून टाका आणि एका वाक्यात गोष्ट सांगा. जे उरेल तो खिळा. सिंड्रेलात ठरलेल्या वेळेची मुदत. लाल टोपीत गोड बोलणाऱ्याला सांगून टाकलेला आजीचा पत्ता. हॅन्सेल-ग्रेटेलमध्ये उपासमार: ती घरातून बाहेर काढते आणि तीच गोडाच्या घरात नेऊन अडकवते.

बाकी काहीही बदला, खिळ्याला हात लावू नका. माझ्या मॉलवाल्या गोष्टीत मी बरोबर उलटं केलं होतं. खिळा उपटला आणि फ्रॉक तेवढा जपला.

३. तेच काम करणारी इथली वस्तू शोधा

खरी मजा इथं आहे आणि वेळही इथंच जातो. बाराच्या ठोक्याऐवजी शेवटची एसटी कुणालाही सुचते, म्हणून मी ती टाळते. पहिली कल्पना वहीच्या मागच्या पानावर टाकून द्यावी.

हॅन्सेल-ग्रेटेल सांगलीत आणायची तर जंगल कुठलं? आम्ही गटात दोन रविवार भांडलो. चांदोली म्हणून झालं, दंडोबा म्हणून झालं. मग एक मुलगा म्हणाला, "जंगल कशाला पायजे? ऊस हाय की." त्याचं बरोबर होतं. कृष्णाकाठचा डोक्यावर गेलेला ऊस, आत दोन सऱ्या शिरलं की दिशा संपते. सगळीकडे तीच पानं, तीच सळसळ.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. जतकडच्या कोरड्या भागातनं वाळव्याकडं ऊसतोडीला आलेलं कुटुंब. मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही. टोळी रात्रीतनं दुसऱ्या गावाला हलते आणि सुली न् तिचा धाकटा भाऊ फडातच राहतात. वाट सापडावी म्हणून भावानं येताना भडंग टाकत आणलेलं असतं, ते साळुंक्या आणि मुंग्यांनी कधीच संपवलंय. चालता चालता लांबून गोड, करपट वास येतो. गुऱ्हाळ!

ब्रेड आणि साखरेचं घर म्हणजे गुऱ्हाळ, हे सुचलं त्या दिवशी मी चहा विसरले. गरम काकवी, कोवळा गूळ, हवा तेवढा खा म्हणणारी मालकीण. चेटकिणीची भट्टीसुद्धा तिथं तयार आहे, रस उकळायच्या काहिलीखालचं चुलवाण.

तुमची जागा जमली की नाही हे असं ओळखा: मूळ गोष्टीतल्या तीन-चार वस्तूंना जोड्या न शोधता सापडल्या, तर जमली. प्रत्येकीसाठी ओढाताण करावी लागली, तर दुसरी जागा बघा.

४. दुष्टाला कारण द्या

मोठं नाक आणि लाल डोळे लहानांना पुरतात. चौदा वर्षांचा वाचक विचारतो, ती अशी का वागते? आमच्या मालकिणीला चुलवाणात चिपाडं सारायला माणूस मिळत नाही. ती पोरांना मारत नाही, कोंडत नाही. खाल्लेल्या गुळाचा हिशोब मात्र वहीत लिहिते. ही वही कुठल्याही चेटकिणीपेक्षा भारी पडली, कारण सुलीनं तसली वही आधी मुकादमाच्या हातात पाहिलेली आहे.

५. हिंसेचं वजन तोलून बघा

परीकथेत चेटकिणीला भट्टीत ढकललं तरी टाळ्या पडतात. खऱ्या गुऱ्हाळावर तोच खून होतो. जागा जितकी खरी, तितकी हिंसा जड. आम्ही तीन शेवट लिहून पाहिले. शेवटी सुली काहील उतरवायच्या ऐन वेळी चुलवाणात चिपाडं कोंबत राहते. गूळ करपतो, सगळे काहिलीकडं धावतात आणि ही दोघं बांध ओलांडतात. आग राहिली, पोरीची हुशारीही राहिली.

प्रेमकथा असेल तर आणखी जपून. मूळ नायिकांची वयं बघा आणि झोपलेल्या मुलीला कुणी हात लावत असेल तर तो प्रसंग सरळ काढा.

६. बोली कानानं लिहा

निवेदन साधं ठेवा, संवाद मात्र इथले. "चल, आपण पळून जाऊ या" असं सुली म्हणणार नाही. ती म्हणेल, "ऊठ. गप चल." आजच्या मुलांचे नवे शब्द मोजकेच घाला. ते दोन वर्षांत शिळे होतात आणि काकूंनी वापरले की लगेच होतात. दीड-दोन हजार शब्दांत गोष्ट संपवा.

७. मोठ्यानं वाचा

ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्यासमोरच. कौतुक मागू नका. कुठल्या वाक्याला नजर मोबाईलकडं जाते तेवढं बघा आणि तिथं पेन्सिलीची खूण करा. उपदेशाचं वाक्य असेल तर खूण नक्की तिथंच पडते.

ग्रिमच्या गोष्टीत मुलं मोती-माणकं घेऊन बापाकडं परत जातात आणि सगळे सुखानं राहतात. मीही सुलीला परत धाडलं होतं. वाचून झाल्यावर तीच रिचार्जवाली मुलगी म्हणाली, "त्यांना सोडून गेले त्यांच्याकडंच परत?" तिला उत्तर देता येईना, म्हणून शेवटचं पान तिलाच लिहायला दिलं.

तिच्या पानावर पहाट आहे. दोघं रस्त्याकडेला उभी, भावाच्या हातात गुळाचा खडा. एसटी थांबते. कंडक्टर तिकिटाचं मशीन काढून विचारतो, "कुठलं?" सुली भावाकडं बघते.

पुढं तिनं काही लिहिलेलं नाही. मीही नाही.